पालथी चिट्ठी

मोजायला बसण्याआधी काका लॉटची, नाव लिहिलेली चिट्ठी पालथी घालत. मग शर्टाच्या टोकाला चष्मा पुसून म्हणत, "हं, आता पाहू. बियाले नाव नसते."

यवतमाळला एका बियाण्याच्या कंपनीत आम्ही सोयाबीनची उगवण तपासायचो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, आठवड्यानं उलगडून धड कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले की तो लॉट पेरणीला विकायचा नाही. काका फुलसावंगीचे, या टेबलावरच केस पांढरे झालेले. मी नवी, बीएस्सी झालेली आणि त्याचा भलता तोरा असलेली.

एका उन्हाळ्यात साहेबांनी आम्हा सगळ्यांना हॉटेलच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. असले कार्यक्रम तुमच्याही ऑफिसात झाले असतीलच. भर उन्हाळ्यात कोट घातलेला वक्ता, मागे पडद्यावर गरगरणारे अणू. "क्वांटम विज्ञान सांगतं, निरीक्षक पाहतो तेव्हाच वास्तव घडतं! तुमचं चैतन्य हाच तो निरीक्षक. टार्गेट डोळ्यांपुढे आणा, विश्व ते घडवेल!" खोटं कशाला बोलू, मी भारावून गेले. वहीची चार पानं भरली.

काका उभे राहिले आणि वक्त्याला म्हणाले, "साहेब, मी पाठ केली त बी उगवाचं थांबते काय?"

हॉल खदखदून हसला. वक्ताही हसला, पण म्हणाला, "ही बघा निगेटिव्ह एनर्जी." झालं! साहेबांच्या डोक्यात तेवढंच बसलं.

पुढच्याच आठवड्यात एक मोठा लॉट काकांच्या मोजणीत एकसष्टला अडकला. साहेब म्हणाले, "काका, तुमच्या नजरेतच खोट आहे. हिला मोजू द्या, ही पॉझिटिव्ह आहे." मी ऐटीत बसले. चिट्ठी उताणी, साहेब पाठीशी उभे. माझे बहात्तर आले. लबाडी नाही केली हो, देवाशप्पथ! प्रत्येक वाकडा, बुरसटलेला कोंब मला खरंच धड दिसत होता.

काका रागावले नाहीत. "तुले जे अकरा जास्तीचे दिसले ना, ते दे मले." ते त्यांनी मागच्या अंगणातल्या कुंडीत लावले. "पाह्य आता रोज, मनापासून. जितकं पॉझिटिव्ह पाहाचं तितकं पाह्य."

मी रोज चहाचा कप घेऊन पाहायला जायचे. आठव्या दिवशी दोन वर आले, तेही मान टाकलेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो कोटवाला अर्धा खरं बोलला वं," काका म्हणाले. "पाहनाऱ्यानं फरक पडते. बियाले नाही पडत, मोजनाऱ्याले पडते. म्हनून चिट्ठी पालथी. इथं कुंडी रिकामी राह्यली, तिकडं वावर राह्यलं असतं."

मी तडक साहेबांकडे गेले, माझा कागद फाडला आणि एकसष्ट लिहून सही केली. साहेब असे भडकले की विचारू नका. पण सहीचा कागद समोर होता; लॉट पेरणीऐवजी तेलाच्या गिरणीत गेला. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं, मोजणी शांतपणे झाली.

निवृत्तीनंतरही काका दर मे महिन्यात घरच्या सोयाबीनची पिशवी तपासायला घेऊन यायचे. गेल्या वर्षी गुंडाळी मोजली, चिट्ठी उलटली, तर नाव काकांचं. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. शेवटी लावलाच. "काका, तुमचं अठ्ठावन्न आलं."

"चिट्ठी पालथी होती?" काकांनी विचारलं.

"होती, काका."

"मंग बरोबर हाय. नवीन बी घेतो." आवाज इतका खूश होता की मलाच रडू आलं.

पोळ्याच्या आधी काका गेले. यंदाच्या मे महिन्यात त्यांची पिशवी आली नाही. ती शेवटची चिट्ठी मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. पालथीच.