सवतीच्या नावाची आगारी

मी मूळचीच संशयी बाई. पारोळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागल्यापासून या खोडीचा मला पगारही मिळतो. दरवर्षी मुलांना सांगते, तुमच्या घराण्यातली अशी एक बाई शोधा, जिच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. दरवर्षी तेच निबंध येतात: बाई सालस होती, कष्टाळू होती आणि तापात गेली. खानदेशातल्या बायका तापाशिवाय मरतच नाहीत की काय, कोण जाणे!

एकदा जवळच्या खेड्यातल्या एका मुलीने तिच्या आजीच्या गळ्यातला टाक निवडला. नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती. आजोबांची पहिली बायको तापात गेली, आजीला दुसरेपणावर दिली, आणि मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून लग्नातच तिचा टाक आजीच्या गळ्यात घातला, असं घरचे सांगत.

"टाक एवढंच सांगतो, की कुणीतरी तिला मेलेली म्हटलं," मी म्हणाले. "आणखी काय आहे?"

अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, पितरांची घागर भरतात आणि चुलीतल्या विस्तवावर आगारी टाकतात, म्हणजे घरातल्या एकेका मेलेल्याचं नाव घेऊन घास देतात. त्या आखाजीला मुलगी कान देऊन बसली. आजोबांचं नाव आलं, पणजीचं आलं, लहानपणीच गेलेल्या आत्याचंही आलं. सवतीचं आलंच नाही. आणि या घरात आगारी टाकायची ती आजीच.

माझ्या डोळ्यांपुढे लगेच विहीर आली: बाई तापात गेलेली नसणार. आजीचाही संशय आला. सवत मेली तरी मत्सर थोडाच मरतो! "पाणी कुठेतरी मुरतंय, विचार घरी," मी मुलीला म्हटलं.

तिने विचारलं, आणि तिचा काका थेट कॉलेजात आला. "मॅडम, पोरीस्ले इतिहास शिकाडा, आमनं घर उकरू नका. नईतं हिनं कॉलेज बंद."

खाई त्याला खवखवे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मुलगी मागे रडवेली उभी होती. माझ्या हौसेपायी तिचं शिक्षण सुटणार, या विचाराने मला धडकीच भरली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले ती माघार घ्यायलाच. काकाला म्हटलं, "भाऊ, हिला दुसरा विषय देते. कॉलेज तेवढं सोडवू नका."

आजी भिंतीशी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ती जित्ती शे."

काका ओरडला, "माय, गप ऱ्हाय!"

"भडगावले भाऊकडे ऱ्हास. पोर व्हयनं नई म्हनीसन तुना बापनी धाडी दिधी. माले सांगं, मरी गई. मंग तिना भाऊ तिना कपडा लई जावाले उना, तवय समजनं."

"मग टाक का नाही काढलास, आजी?" मुलीने विचारलं.

"काढं तं गाव इचारी."

"आणि आगारी?"

"जित्ता मानूसना नावनी आगारी कशी टाकू? पाप लागी."

एका शब्दाचा कागद नसताना ही बाई वर्षानुवर्षं, दर आखाजीला, सगळ्या घरादेखत साक्ष देत आली होती, आणि मी तिच्यावरच आरोप ठेवून मोकळी झाले होते.

काका पायरीवर बसला. "ती जित्ती शे, मंग मायनं लगीन खोटं. आमी कोन?" एवढंच म्हणाला. त्याला हे आधीपासून माहीत असावं, असा मला आजही संशय आहे.

मुलगी माझ्याकडे पाहत म्हणाली, "मॅडम, भडगावला जावं लागेल. तिचं तिलाच विचारायला हवं."

आजीने सूप बाजूला सारलं आणि लुगड्यावरची टरफलं झटकली.

"जाशी तं माले बी लई चाल," ती म्हणाली. "मी तिले अजून दखेल नई."