पाताळमास्तरांचा गोल

पृथ्वी आतून पोकळ नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच आशेने पुढे वाचायला नको. मी कॉलेजात चार वर्षं विज्ञान शिकले आणि माझ्या थोरल्या नणंदेने, आमच्या वन्संनी, एकोणतीस वर्षं पृथ्व्या बनवल्या. पोकळ पृथ्वी कशी असते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

शाळांना लागणारे पृथ्वीगोल करणाऱ्या कारखान्यात त्या होत्या. कारखाना कसला, लांबोडकी खोली आणि छताला टांगलेले पाच-पन्नास ओले गोल. लाकडी साच्यावर रद्दी कागदाचे थर खळीने चिकटवायचे. वाळले की दोन वाट्या निघतात, त्या विषुववृत्तावर जोडायच्या, वर पांढरा लेप द्यायचा, तो घासायचा, आणि मग छापील नकाशाच्या बारा फाका लावायच्या, संत्र्याच्या असतात तशा. ओली फाक ताणली जाते. केसभर जास्त ताणली तर दोन देशांच्या मधे तिसराच देश उगवतो. बाराही टोकं ध्रुवावर मिळतात, पण नीट कधीच मिळत नाहीत. बारीक भोक राहतं. त्यावर कागदाची गोल टोपी चिकटवली की पृथ्वी तयार.

दिव्याच्या गोलांना मात्र रद्दी चालत नसे. एकदा एका नवीन बाईने तपासलेल्या उत्तरपत्रिका वापरल्या. शाळेत साहेब आले, मास्तरांनी गोलातला दिवा लावला, आणि भर महासागरात उमटलं, ‘उत्तर साफ चूक. शून्य गुण.’ तेव्हापासून दिव्याच्या गोलाला आतून कोरा कागद. ही गोष्ट लक्षात ठेवा.

वन्संचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. साधा, हसरा, कोणी काही सांगितलं की डोळे मोठे करून ऐकणारा माणूस. त्याच शाळेत भूगोलाचे एक मास्तर होते. त्यांनी कुठलीशी जुनी पुस्तकं वाचली आणि ठरवलं, की ध्रुवावर मोठं दार आहे, आत दुसरा छोटा सूर्य आहे, आणि तिथे आपल्यापेक्षा शहाणी माणसं राहतात. पोरं त्यांना पाताळमास्तर म्हणत. वन्सं हसून म्हणायच्या, “टोपी लावायची राहिलेला गोल बघितला असेल मेल्याने!”

यजमान हसले नाहीत. त्यांना ते पटलं. मास्तर म्हणाले, ध्रुव लांब आहे, पण गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीतूनही वाट असणार. तिच्या तोंडाशी वारा येतो. यजमान डबा घेऊन सकाळी गेले ते गेलेच. खाणीत वारा नव्हता, विषारी हवा होती. शोधायला उतरलेले दोघे अर्ध्यातून परत फिरले, आणि आठवड्यात आतला भाग ढासळला. पहारेकऱ्याने खाणीच्या तोंडाशी सापडलेली पिशवी वन्संना आणून दिली. डब्याखाली घडी घातलेली चिठ्ठी होती.

‘मला ताप आहे, मी येत नाही. तू एकटा जा. पहारेकरी आत हवा नाही म्हणतो, त्याचं ऐकू नकोस. वीस हात उतरलास की आतला वारा लागेल. मागे फिरू नकोस.’ खाली मास्तरांची सही.

महिन्याभरात मास्तरांनी पहिलं व्याख्यान दिलं. मी दाराशी उभी राहून ऐकलं. “मी त्याचा हात धरून दारापर्यंत गेलो! त्याने आत पाऊल टाकलं, मला म्हणाला, मास्तर, तुम्ही परत जा, जगाला सांगा!” टाळ्या पडल्या. वन्सं चिठ्ठी घेऊन व्यासपीठापाशी गेल्या. दोन तरुणांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. “बिचारी दुःखाने भ्रमिष्ट झालीय,” मास्तर माइकवर म्हणाले, अगदी मायेने. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “बाई, चिठ्ठी कोणीही लिहील.”

मग ते दरवर्षी वाढतच गेलं. यजमान ‘आतून संकेत’ पाठवू लागले. रस्त्यात माणसं वन्संना अडवून विचारत, “काही निरोप?” भाजीवालीसुद्धा. नवरा मेला म्हणायचीही सोय राहिली नाही, कारण मेला म्हटलं की लोक म्हणत, बायकोचाच विश्वास नाही! सातव्या वर्षी मास्तरांनी कहर केला. व्याख्यानात सांगितलं, की आमचा वीर तिथे सुखात आहे, तिथल्या एका उंच, देखण्या बाईशी त्याने संसार थाटलाय.

त्या दिवशी वन्सं माझ्याकडे आल्या. चहा घेतला नाही.

“वहिनी, मी इतके दिवस रडत होते. आजपासून बंद.”

“मग काय करणार?”

“थांबणार.”

मी वैतागून म्हटलं, “थांबून काय होतं हो? कोर्टात चला, मी येते.” त्यांनी मान हलवली. “त्याने चारचौघांत सांगितलंय. त्याला चारचौघांतच गिळायला लावीन.”

पाच वर्षं थांबल्या. शेवटी मासा स्वतःच गळाला लागला. मास्तरांनी काढलेल्या पाताळमंडळाच्या मोठ्या सभेसाठी गोल हवा होता, दोन हात पसरून मावणार नाही एवढा. ध्रुवावर भोक ठेवायचं आणि आत मोठा दिवा, आतला सूर्य म्हणून. ऑर्डर वन्संच्याच कारखान्यात आली. फाका कोण लावतं हे मास्तरांना कशाला माहीत असणार? स्वयंपाकीण कोण आहे हे जेवणारा विचारतो का?

तारांचा सांगाडा, त्यावर कोऱ्या पातळ कागदाचे थर. वन्संनी चिठ्ठीवर बारीक चौकटी आखल्या, पातळ कागदावर मोठ्या आखल्या, आणि मोठ्या गोलांचे नकाशे वाढवतात त्याच पद्धतीने मास्तरांचं अक्षर चौकटी-चौकटीने वाढवलं. गडद काळी शाई. अक्षर लोकांना चांगलं माहीत होतं. सभांचे फलक मास्तर स्वतःच्या हाताने लिहीत, आणि त्यांचा प्रत्येक काना खाली आकड्यासारखा वळलेला असे. तो कागद सर्वात मोठ्या महासागराखाली गेला, वर निळी फाक बसली. उजेडात बघा, नुसता समुद्र.

कारखान्याचे मालक गोल तपासायला आले. आता दिवा लावल्याशिवाय दिव्याचा गोल कोण पाठवतो? त्यांनी पडदा ओढला, बटण दाबलं, आणि वाचत उभे राहिले. दोनदा वाचलं. वन्सं हात पुसत म्हणाल्या, “काढून टाकायची तर काढा. आणि मलाही काढा.”

मालकांनी दिवा बंद केला. “समुद्राला निळ्याचा आणखी एक हात द्या,” ते म्हणाले. “डाव्या बाजूला अजून किंचित छटा दिसतेय.”

सभा दुपारी होती. पडदे ओढून हॉल अंधारा केलेला. मी आणि वन्सं पहिल्या रांगेत. बारा वर्षांत वन्संचे केस असे पांढरे झाले होते, की दारावरच्या कोणी ओळखलं नाही. मास्तर सुटले होते नदीसारखे. उंच बाईचा संसार झाला, आता म्हणे मुलंही झाली होती. वन्संनी माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली.

“आणि आता,” मास्तर गोलामागे जाऊन म्हणाले, “आतला सूर्य!”

बटण दाबलं. गोल उजळला. समुद्रात काळी अक्षरं वर आली.

“अक्षरं! अक्षरं उमटली!” मागून कोणी ओरडलं. मास्तर गोलाच्या मागे, त्यांना दिसतच नव्हतं. पण मुरलेला माणूस! क्षणभर गांगरले आणि दोन्ही हात उंचावून गरजले, “संदेश! आतून संदेश आलाय! वाचा, मोठ्याने वाचा!”

पहिल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्याने वाचायला सुरुवात केली. “मला ताप आहे, मी येत नाही...” तो थांबला.

“वाचा हो!” मास्तर ओरडले.

“तू एकटा जा. पहारेकरी आत हवा नाही म्हणतो, त्याचं ऐकू नकोस...” आता सगळा हॉल वाचत होता, शाळेत पाढे म्हणतात तसा. “मागे फिरू नकोस.” आणि खाली सही.

“हे तर मास्तरांचं अक्षर,” मागून एक बाई म्हणाली. “फलकावर असतं तसंच.”

मास्तर पुढे आले. वाचलं. “खोटं आहे! कोणीतरी...”

वन्सं उभ्या राहिल्या. “आत्ताच म्हणालास ना, आतून आलाय? माझ्या नवऱ्यानेच पाठवलाय म्हण की! बारा वर्षं त्याचे निरोप सांगतोस, हा एवढा खोटा?” मग पिशवीतून मूळ चिठ्ठी काढून चष्मेवाल्याच्या हातात दिली. “ही त्याच्या डब्याखाली होती. मास्तर म्हणतो, हात धरून दारापर्यंत गेलो. तापात होतास की दारात होतास? एकच सांग.”

मास्तरांनी दिवा बंद करायला हात पुढे केला, तर चष्मेवाल्याने तो धरला. “राहू दे,” तो म्हणाला. “बाकीचेही वाचतील.”

महिन्याने मंडळ मोडलं. पोलिसांनी आता चिठ्ठी ठेवून घेतली, आणि त्या वर्षी वन्संच्या हातात पहिल्यांदा नवरा मेल्याचा कागद पडला. त्या दिवशी त्या मनसोक्त रडल्या. लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसावर इतका सूड उगवायला नको होता. मी म्हणते, हवा होता, आणि बारा वर्षं आधी हवा होता.

मास्तर एकदा घरी आले होते. मी वन्संकडेच होते. वन्संनी दार अर्धंच उघडलं होतं. उंबऱ्यापलीकडे उभा, खांदे पडलेला माणूस.

“वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा.”

“मी कोण माफ करणार?” वन्सं शांतपणे म्हणाल्या. “त्यांना विचारा. खाण तिथेच आहे. वीस हात उतरलात की आतला वारा लागेल.”

आणि दार लावताना फटीतून, “मागे फिरू नका.”