पाठ असलेली गोळी

सिस्टरांना एका गोष्टीची भारी लाज वाटायची. त्यांचे डॉक्टर रोग्यासमोर काँप्युटरात बघून औषध द्यायचे. तीस वर्षं कंपवाताचे रोगी तपासलेला माणूस, पण चार ओळी लिहायच्या तर आधी इंटरनेटवरचं औषधांच्या माहितीचं पान उघडणार, रोग्याच्या पिशवीतली एकेक गोळी त्यात टाइप करणार आणि कुठलीचं कुठलीशी पटत नाही ते सावकाश वाचणार. बाहेर बाकावर कुजबुज चालायची, "यांना काही येतं की नाही?" म्हणून सिस्टर सकाळी टेबल पुसायच्या निमित्ताने स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवायच्या. डॉक्टर आले की ती पुन्हा रोग्याकडे वळवायचे. या विषयावर दोघं कधी एक अक्षर बोलले नव्हते.

सिस्टरांचं स्वतःचं सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी कुठली गोळी किती वेळा ते घडाघडा सांगतील. त्याचा थोडा तोराही होता, आणि का नसावा? बावीस वर्षं उभ्याने काढली होती बाईंनी.

त्यांचा दादा न्हावी. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने वस्तरा बाजूला ठेवला, पण कात्री चालू ठेवली. डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी त्याला मळमळायला लागलं. आता एवढ्याशासाठी डॉक्टरांना काय विचारायचं! वॉर्डात हजारोंना दिलेली उलटीची गोळी सिस्टरांनी दादालाही दिली, दिवसातून तीनदा. मळमळ थांबली.

पण दोन महिन्यांत दुकान बंद पडलं. दादाचे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले, खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागू लागली. ज्याच्या बडबडीला कंटाळून गिऱ्हाइकं डोळे मिटून घ्यायची, त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलेना. रोग वाढला, सिस्टरांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि दादाला घेऊन आल्या त्या डोस वाढवून मागायलाच.

डॉक्टरांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "पिशवी आणलीय?"

"सर, पिशवी कशाला? तुमच्याच गोळ्या आहेत. आणि एक माझी, उलटीची."

"तिचं नाव सांगा."

सिस्टरांनी सांगितलं. डॉक्टरांनी टाइप केलं, वाचलं, पुन्हा वाचलं. पानावर लाल चौकट आली होती.

"सिस्टर, मेंदूत जे रसायन कमी पडतं म्हणून आपण औषध देतोय, त्याचंच काम ही गोळी अडवते. कंपवातात द्यायची नसते ही."

"मीच दिली, सर."

"आणि मी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचा भाऊ म्हणून मागच्या वेळी पिशवी उघडलीच नाही. ही गोळी चालत नाही हे मला ठाऊक आहे हो. पण दादा ती घेतायत, हे कुठे ठाऊक होतं?"

डोस तेवढाच राहिला. उलटीची गोळी बंद झाली. तिच्या जागी मेंदूपर्यंत फारशी न पोचणारी दुसरी द्यायची होती, पण तिच्या पानावर हृदयाबद्दल इशारा होता, म्हणून आधी ईसीजी निघाला. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता, आणि सिस्टर पहिल्यांदाच त्याच्याकडे थक्क होऊन बघत होत्या.

दादाने सगळं ऐकलं होतं. तो रागावला की नाही, ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. सिस्टर रोज जाऊन तो चेहरा बघायच्या आणि न विचारताच परत यायच्या.

पाचव्या आठवड्यात त्या गेल्या तर दुकान उघडं! दादा खुर्चीत बसला होता. त्यांना बघून तो कुणाचाही हात न धरता उठला आणि दारापर्यंत चालत आला. उजवा हात थरथरतच होता, मूळ रोग काही गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण माणूस परत आला होता. नखाएवढ्या गोळीने एवढा मोठा माणूस गोठवला होता, आणि ती थांबताच तो आपल्या पायांनी चालू लागला होता. सिस्टरांच्या अंगावर काटा आला.

"दादा, रागावलायस माझ्यावर?" त्यांनी एकदाचं विचारलं.

दादा हसला. गालांना खळ्या पडेपर्यंत हसला.

"अगं, डॉक्टरांच्या गोळ्या कधीमधी राहून जायच्या," तो म्हणाला. "पण ती तू दिलेली ना, म्हणून एक वेळही चुकवली नाही."