पेसमेकर, लाईट आणि डॅशबोर्डवरचा गणपती

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचे ठोके मंदावले, तेव्हा डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. त्या चपट्या डबीच्या जिवावर मी चालते-बोलते. गेल्या वर्षी त्याच बाजूच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. इथे सगळे त्याला ‘लाईट’ म्हणतात. लाईटने पेसमेकर बिघडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याच्यावर झोत पडणार नाही असा आराखडा केला आणि दर आठवड्याला तपासणी ठेवली. तरी बोरिवलीहून अंधेरीच्या हॉस्पिटलात जाताना रोज मनात यायचं, कॅन्सरमधून वाचवता वाचवता ही लाईट माझं हृदयच बंद पाडणार. दोन्ही दुखणी द्यायला देवाला एकच बाजू सापडली का?

मग आता तूच सांभाळ म्हणत मी त्यालाच सोबत घेतलं. माझा नवरा टॅक्सी चालवायचा. त्याच्या डॅशबोर्डवर अंगठ्याएवढा गणपती चिकटलेला असायचा. नवरा गेला, टॅक्सी विकली, गणपती मी घरी आणला. लाईट सुरू झाली त्या दिवशी त्याला कापडी पिशवीत घालून ब्लाउजमध्ये, नेमका पेसमेकरवर ठेवला. टेबलावर झोपताना काढायचा, कपडे घातले की परत जागेवर.

आणि पहिल्याच दिवसापासून धडधड सुरू झाली. लाईटला जाता-येता छातीत ढोल वाजायचे. मी घाबरून देवाला आणखी घट्ट दाबून धरायची, तर धडधड थांबायचं नाव नाही. डॉक्टरांनी दोन दिवस लाईट बंद ठेवून पेसमेकर तपासला. तपासताना मात्र ठोके अगदी शहाण्यासारखे! मुलगी म्हणाली, “आई, नऊच लाईट राहिल्या आहेत, अर्ध्यावर नको ना सोडू.” मी खेकसले, “तुझ्या छातीत वाजतंय का?” बस झालं, उद्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगायचं, हे माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत गाऊनची नाडी तुटलेली निघाली. शेजारी मनोरीची एक कोळीण मावशी स्वतःच्या लाईटसाठी तयार होत होती. ओळखदेख काही नाही, पण तिने हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि माझ्यापुढे केली. बाजूला ठेवण्यापूर्वी नमस्कार करायला मी गणपती पिशवीतून काढून तळहातावर घेतला होता. पिन तिच्या बोटांतून सुटली आणि टच्‌कन गणपतीच्या पाठीला चिकटली.

“अगो बाय, तुजा देव पिना खेचतंय!” ती हसायला लागली. मग माझ्या खांद्याखालचा उंचवटा तिला दिसला आणि तिचं हसू गेलं. “ह्यो लोहचुंबक हाय. माज्या घोवाच्या छातीत पण ही मशीन हाय. लोहचुंबक लांब ठेवाचा असतो, तुला कोनी सांगला नाय?”

सांगितलं होतं. मोबाइल मी कधी ब्लाउजमध्ये ठेवला नाही. पण देवाच्या पाठीला लोहचुंबक असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं? मला वाटायचं, नवऱ्याने गोंदाने चिकटवलाय. मला इतकं हसू आलं की रडूच फुटलं.

डॉक्टरांनी मला ईसीजीच्या पडद्यासमोर बसवलं आणि गणपती छातीजवळ धरला. ठोके धावायला लागले. दूर नेला, ठोके जागेवर. पेसमेकर ठणठणीत होता. त्याच दुपारी लाईट पुन्हा सुरू झाली.

मावशीची मात्र ती शेवटची लाईट होती. माझी वेळ सकाळची, तिची दुपारची. माझा खाडा झाला नसता तर आमची भेटच झाली नसती. हे कुणी जुळवून आणलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढं उमगलं, की देवाला मी उराशी धरलं होतं, त्याच्यावर सोपवलं काहीच नव्हतं. उरलेल्या लाईटना तो देव्हाऱ्यात बसला आणि मी रिकाम्या हातांनी टेबलावर निजले. इतकी निवांत मी कित्येक महिन्यांत नव्हते.

शेवटची लाईट घेऊन बाहेर आले तर हॉल बायकांनी भरलेला. आमच्या कोकणात गावदेवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांसाठी मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. ते पुरुषांनीच घालायचं असतं. म्हटलं, आज मी घालणार.

“बा देवा म्हाराजा, हय बसलेल्या माझ्या सगळ्या बायांची लाईट येळेत पुरी होऊं दे, आणि त्यांका हसत घराक जाऊं दे रे म्हाराजा!”

कोपऱ्यातल्या दोघीच म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!” बाकीच्या बघत राहिल्या. मी पुन्हा घातलं. या वेळी गुजराती बेन, मालवणी वस्तीतल्या शेख खाला, सगळा हॉल एका सुरात ओरडला. मशीनच्या खोलीतून टेक्निशियन ताई धावत आल्या. “काकी, काय झालं?”

“बरी झाले,” मी म्हटलं, “तुम्ही पण म्हणा.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!”