कुत्र्याच्या छत्र्या खायला ओरेगनला

सकाळी सहाला मुलाच्या अमेरिकेतल्या गावाहून, बॉथेलहून निघालो. गाडी सून केतकी चालवत होती, शेजारी मी. मागे माझा मुलगा महेश, खिडकीला डोकं टेकून. वर्षभर तो असाच आहे. कामावरून रजा, गोळ्या तीनदा बदलल्या, काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." म्हणून तर सिन्नरची पिठाची गिरणी बंद ठेवून मी आलो.

शेजारच्या ओरेगन राज्यात म्हणे कायद्याने एक अळंबी देतात. ती खाऊन रंग दिसतात आणि उदासी उतरते. आमच्याकडे तिला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि लाथेने उडवतात. मी चौथी शिकलोय, पण एवढं कळतं.

"बाबा, प्लीज, तिथे काही बोलू नका," केतकी म्हणाली.

"मी कधी बोलतो?"

साडेतीन तास नुसती झाडं. मग भली मोठी नदी आली. पूल ओलांडला की ओरेगन.

सेंटर म्हणजे साधं घर. चपला दारात काढायच्या, हे मला पटलं. शुभ काम म्हणून मी पायरीवर नारळ फोडला. आवाजाने आतून फॅसिलिटेटर (शेजारी बसून लक्ष ठेवणारी बाई) धावत आली. कोपरापर्यंत गोंदलेली. केतकीने तिला समजावलं, तर बाईने खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला. बाई बरी निघाली.

"मीही आत बसतो."

"घरच्यांनी बाहेर थांबायचं, बाबा. रूल आहे."

"जन्म मी दिला आणि बाहेर मीच?"

"जन्म आईंनी दिला."

सहा तास गाडीत दशम्या खात बसलो. दोनदा खिडकीशी जाऊन आलो, पडदा ओढलेला. तिसऱ्यांदा केतकीने बाही धरली. पोरगं होतं तेवढं तरी परत येईल ना, हे मी तिला विचारलं नाही. तिचाच चेहरा उतरला होता.

संध्याकाळी महेश सावकाश चालत आला. डोळे सुजलेले.

"काय दिसलं? देव बीव?"

तो मागे जाऊन बसला. मग परतीच्या वाटेवर मीच बोलत राहिलो. ही सगळी थेरं आहेत, आमच्या वेळी उदास वाटलं की दोन पोती उचलायचो, वगैरे.

"बाबा, गप्प बसा!" मागून आवाज आला. "आई गेली तेव्हा मला रडूसुद्धा दिलं नाहीत. बाप्याने रडू नये म्हणालात. मी बारा वर्षांचा होतो!"

मला गप्प बस म्हणणारा अजून जन्मला नव्हता. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण वर्षभर मुका असलेला मुलगा भांडत होता, त्याला मध्ये कोण तोडणार? बॉथेल येईपर्यंत तो बोलला. थांबतोय असं वाटलं की मी मुद्दाम, "खोटं आहे" म्हणायचो.

छत्री खाऊन तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारपर्यंत झोपला. मग उठून स्वयंपाकघरात आला.

"बाबा, कालचं अजून संपलेलं नाही."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.