माझ्या दादाची माणसं

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो विरारला राहायचा, मी माणिकपूरला, आणि दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे नाश्त्याला यायचा. नव्वदचं दशक संपता संपता त्याची कंपनी बंद पडली. तरी तो येत राहिला, पण त्याचं बोलणं आटलं. गॅलरीत खुर्ची टाकून पेपर चाळायचा, पोहे खायचा आणि अकराला निघायचा. मी विचारायचो, बरं आहे ना? तो म्हणायचा, बरं आहे. अशी दोन वर्षं गेली. भाऊ म्हणून आपण आपलं काम करतोय, असं मला वाटत होतं.

मग एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, होळी गावात कुणाच्या तरी वाडीत जातात, गाळ काढायला. आता झोपही लागते त्यांना, हेही तिनं आनंदानं सांगितलं.

महिन्याभरानं तो आला तो माझ्या बायकोसाठी सोनचाफ्याची पुडी घेऊन. चेहरा उन्हानं रापलेला. तासभर बोलत बसला. आठ-नऊ जण जमतात. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं, ते भरून गेलंय, त्यातला गाळ उपसतात. मग आंब्याखाली गोल करून गप्प बसतात. ज्याला बोलायचंय तो बोलतो. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. दर दोन वाक्यांमागे ‘आमच्यातला एक’ येत होता. मी म्हटलं, म्हणजे आता बुवाबाजी सुरू का? तो मोकळेपणानं हसला, आणि त्या हसण्यानंच मी जास्त जळलो. त्याला हसवायला मी काय काय केलं होतं. ते हसू चार परक्यांनी चार रविवारांत मिळवलं.

पुढच्या रविवारी मी रिक्षा करून होळीला गेलो. बायकोला सांगितलं, केळी आणतो.

वाडीत शिरलो तर तळ्याच्या काठापासून बांधापर्यंत माणसांची रांग लागलेली. चिखलानं भरलेली घमेली हातोहात पुढे चालली होती. दादा खाली गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्याहून वयानं मोठा, पांढऱ्या केसांचा एक ड्रायव्हर त्याला म्हणाला, ‘दादा, दमलात, वर या.’ आणि हात देऊन त्यानं त्याला वर ओढलं. वर आल्यावरही दादाचा हात त्या माणसाच्या खांद्यावर तसाच राहिला.

दादा हा माझा शब्द होता. आणि तो हात माझ्या खांद्यावर शेवटचा कधी पडला होता, ते मला आठवेना.

दादानं मला पाहिलं, नुसती मान हलवली. ज्यांची ती वाडी होती त्या वाडीवाल्यांनी मला आपल्या शेजारी रांगेत उभं केलं. साठीचे गृहस्थ. घरात वाडवळी बोलीत बोलायचे, आमच्याशी सावकाश, शाळेतल्या मराठीत. घमेलं माझ्या हातात देता देता ते सहज म्हणाले, ‘तुमच्या भावानं फार वर्षं ओझं वाहिलं हो. वडील गेले तेव्हा आपण हॉस्पिटलखाली चहा पीत होतो, हे मनात ठेवून जगायचं म्हणजे सोपं नाही.’

त्यांना वाटलं, मला ठाऊक असणार.

बाबा गेले तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी सुरतला होतो. संध्याकाळी पोचलो. दादानं सगळ्यांना सांगितलं होतं, ‘शेवटच्या क्षणी मी जवळ होतो, बाबा शांतपणे गेले.’ तेव्हापासून दहा वर्षं मी मनातल्या मनात त्याच्यावर जळत होतो. बाबा मरतानासुद्धा त्याच्याच वाट्याला आले, असं वाटायचं. आता कळत होतं की ते कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. आणि हे या सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरला माहीत होतं, मला नव्हतं.

आंब्याखाली बसल्यावर वाडीवाले म्हणाले, नवीन माणसानं बोललंच पाहिजे असं नाही. मी गप्प बसणार होतो, पण तोंडातून निघालंच.

‘मला तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटतो. इतका, की हे तळं परत बुजवावंसं वाटतंय.’

कुणी हसलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. कुठेतरी पंप चालू होता, त्याचा आवाज येत राहिला. दादा जमिनीकडे बघत होता.

परतताना तो माझ्याबरोबर रिक्षा मिळेपर्यंत चालत आला. मग म्हणाला, ‘ते दादा म्हणतात ते नावापुरतं. तुझ्यापुढे मला खरंच दादा राहायचं होतं. म्हणून नाही सांगितलं.’

मी रिक्षात बसलो. राग उतरला असं नाही. पण पुढच्या रविवारी मी गेलो, आणि मग पाचेक वर्षं जात राहिलो. तळ्याला पाणी लागलं. मग आम्ही केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढायला, बांध घालायला लागलो. मीही बोलायला शिकलो, उशिरा आणि अडखळत. तरी कुणी नवा आला आणि दादा त्याच्या शेजारी जाऊन बसला, की माझं लक्ष तिकडेच. अगदी लहान पोरासारखं.

बाबांचं सगळं त्यानं मला दुसऱ्या वर्षी सांगितलं, गोलात नाही, बांधावर आम्ही दोघंच असताना. चहा पिऊन तो वर आला तेव्हा नर्स पडदा ओढत होती. तो पडद्याआड गेला आणि अर्धा तास बाबांचा हात धरून बसला. हात अजून गरम होता. मग गार होत गेला, आणि त्यानंतर तो फोन करायला उठला.

मी त्याला म्हटलं, तो अर्धा तास तरी तुला मिळाला, मला त्याचाही हेवा वाटतो.

त्यानं चिखलाचा हात पाठीला पुसला, माझ्याच पाठीला, आणि म्हणाला, ‘वाटणारच. सांगत जा.’

मग आम्ही उरलेली पिलं काढायला घेतली.