वन्स मोअर कोण म्हणालं

रामकाका गेल्याचा मेसेज आला आणि मी मनात म्हटलं, खोटं आहे.

कारण आधी एकदा असं झालेलं. ग्रुपवर मेसेज, "काका सीरियस आहेत, सगळे या." आम्ही धावत गेलो, तर काका पेटी काढून बसलेले.

म्हणाले, "जमलात ना? चला, दुसरा अंक."

म्हणून परवा मेसेज आला तेव्हा मी हुबळीच्या बस स्टँडवर चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होतो, ते शांतपणे संपवलं. इतकी खात्री होती.

मैसूरला पोचलो तोवर सगळं आटपलेलं. म्हणजे मी डोळ्यांनी काहीच बघितलं नाही. अजून संशय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही मैसूरच्या मराठी घरांतली कॉलेजची मुलं मिळून एक संगीत नाटक करत होतो. पेटीवर काका, चाली पण त्यांच्याच. डायरेक्टरचं नाव नवीन. मी भाला धरून उभा राहणारा शिपाई. शिक्षणात माझं जे झालं तेच ॲक्टिंगमध्ये. उभा होतो, एवढंच.

आणि काव्या. तिला संवाद एकही नाही. फक्त एक गाणं. लढाईवर गेलेल्या शिपायाची बायको परसात धुणं वाळत घालताना म्हणते ते.

पहिला प्रयोग अग्रहारातल्या हॉलमध्ये. काव्या पूर्ण गाणं जमिनीकडे बघून म्हणाली. चार टाळ्या पडल्या.

आणि मागून एक आवाज. "वन्स मोअर."

आमच्यातल्या अर्ध्यांना हा प्रकारच माहीत नव्हता. काकांनी लगेच सूर धरला. काव्या परत म्हणाली. या वेळी मान वर होती.

नंतर कळलं, आवाज काकूंचा. काकांच्या बायकोचा.

प्रयोग झाला की पायरीवर बसून आम्ही काय सुधारायचं ते बोलायचो. नवीन म्हणाला, "ते गाणं काढू या. लागलं की लोक फोन काढतात."

"वन्स मोअर मिळाला की रे," काका म्हणाले.

"घरचा वन्स मोअर, काका."

सगळे हसले. काव्या उपमा खात राहिली. गाणं गेलं तर ती पण जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिचे अप्पा तेवढीच वाट बघत होते.

दुसरा प्रयोग सरगूरला. जाताना वाटेत एकाने शेतातला मोर दाखवला आणि मी गाडी थांबवायला लावली, त्यावरून नवीनच्या शिव्या खाल्ल्या. ते असू दे.

सरगूरलाही गाणं संपलं आणि मागून, "वन्स मोअर."

या वेळी कोण, तर आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर, सिद्धराजू. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही.

मी त्याला बाजूला घेऊन कन्नडमध्ये विचारलं, "काकांनी तुला काय शिकवलंय?"

तो हसला. म्हणाला, काही नाही.

पण परतताना काकांनी त्याला स्वतःच्या डब्यातली चटणी दिली. मी बघितलं. आम्हाला कधी दिली नाही.

तिसरा प्रयोग एच. डी. कोटेला. नवीनने आधीच सांगितलं, "आज गाणं पडलं तर फायनलच्या प्रयोगाला ते नाही."

आणि काका माझ्याकडे आले. "भटक्या, तुझा भाला आज नवीनला दे. तू समोर बस."

"का?"

"सुम्ने. काय कमी पडतंय ते बघ, मग मला सांग."

(हे वाचणाऱ्या माझ्या पुण्याच्या भावंडांसाठी: सुम्ने म्हणजे उगाच.)

मला वाटलं, मला काढायचा हा गोड मार्ग आहे. रागातच बसलो. ठरवलं, आज ओरडणाऱ्याला पकडायचा. काकू आलेल्या नव्हत्या. सिद्धराजू बाहेर व्हॅनमध्ये झोपलेला. मागे वळून एकेकाचं तोंड बघितलं, कोणीच ओळखीचं नाही.

गाणं सुरू झालं. मी चुका मोजायला लागलो. लाइट उशिरा आला. धुण्याच्या दोरीला गाठ नीट नाही. दुसऱ्या ओळीत काव्याने मध्येच श्वास घेतला.

मग मोजायचं राहिलं.

गाणं संपलं. टाळी नाही, काही नाही. आणि कोणीतरी म्हणालं, "वन्स मोअर."

पुढच्या रांगेतले लोक वळून माझ्याकडे बघत होते.

मग मागून अजून दोघं ओरडले. पण मी बघत होतो काकांकडे. त्यांनी मान वर केली नाही. गाणं संपलं तरी डावा हात भात्यावर चालूच होता. सूर त्यांनी सोडलाच नव्हता.

प्रयोगानंतर मी गाठलं त्यांना. "तुम्ही मला मुद्दाम बसवलंत."

"ओरड असं सांगितलेलं?"

"नाही."

"आयतु, झालं तर मग. काय कमी पडलं ते सांग."

"लाइट उशिरा येतो."

"बघू त्याचं."

गाणं राहिलं. काव्या राहिली. नवीन मात्र मला तेव्हापासून 'काकांचा माणूस' म्हणतो. म्हणजे सगळ्यांवर संशय घेणारा मी, आणि संशय माझ्यावर.

आज काकांच्या घरी गेलो तेव्हा काकूंना विचारलंच. वेळ ती नव्हती, पण मला राहवेना.

"काकू, पहिल्या प्रयोगाला त्यांनीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं की."

मी म्हटलं, सापडले.

"म्हणाले, काय कमी पडतंय ते बघ आणि घरी आल्यावर सांग. मी आपली चुका शोधत बसले. गाणं संपलं तेव्हा लक्षात आलं, ऐकलंच नाही की मी. म्हणून परत म्हणायला लावलं."

"मग घरी काय सांगितलंत?"

"काय सांगणार? दुसऱ्यांदा चुका शोधायच्या राहिल्या."

बोलताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या पेटीकडे होतं. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटत होतं की आतल्या खोलीतून येतील आणि म्हणतील, जमलात ना?

जवळ जाऊन बघितलं. भाता मिटलेला. कडी लावलेली.

काका, आता पटलं.

या तुम्ही. नमस्कार.